तिसरी टिचकी

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या कनेटिकटच्या किनाऱ्यावरच्या घरांत सतरा वर्षांची मुलं आपापलं दुःख शोधायला बसतात. दारात भोपळे मांडलेले असतात, मागच्या अंगणात होडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असते, आणि आत जेवणाच्या टेबलाशी एखादा धडधाकट पोरगा कपाळाला हात लावून विचार करत असतो, की आपल्यावर आजवर कुठलं संकट आलं बरं? आलेलं नसतं. आईबापांनी येऊच दिलेलं नसतं. पण कॉलेजच्या प्रवेशअर्जाला ते हवं असतं. मुख्य निबंध एक झाला की त्यावर प्रत्येक कॉलेजचे पुरवणी निबंध निराळे. आमच्याकडेच का यायचंय? कुठल्या अपयशाने तुम्हाला काय शिकवलं? तुम्ही कोणत्या लोकांत वाढलात आणि त्यांच्यात तुमची जागा काय? उत्तर अडीचशे शब्दांत. दोनशे एक्कावन्नावा शब्द त्या चौकटीत उमटतच नाही.

ही दुःखं शोधून द्यायला लोर्ना ओस्ट्रोव्स्की जायची. वरच्या खोऱ्यात, जिथले पितळेचे कारखाने केव्हाच बंद पडले, तिथल्या सरकारी शाळेत ती एकवीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. शाळा सुटली की चार वाजता आपली जुनी गाडी काढायची आणि उतारावरून समुद्राकडे यायची. तिचा एक नियम होता: निबंध लिहून द्यायचा नाही. प्रश्न विचारायचे, खोदायचं, मुलाकडून काढून घ्यायचं. मात्र पोरगं अगदीच कोरडं निघालं, तर 'नमुना' म्हणून एखादा परिच्छेद लिहून दाखवायचा. हे बघ, तपशील असा असतो, आता तुझा तू शोध. या धंद्यातले सगळेच हे करतात. नमुना आणि निबंध यांत किती अंतर उरतं ते मोजत बसलं तर कुणाचंच पोट भरणार नाही.

तिची स्वतःची मुलगी हलीना त्याच सरकारी शाळेत शेवटच्या वर्षाला होती, आणि आईला आपल्या निबंधांच्या आसपास फिरकू देत नव्हती.

"दाखव तरी एकदा. मी काही बोलणार नाही," लोर्ना म्हणायची.

"तू हात लावलास की सगळ्यांच्या निबंधांना एकच वास येतो, आई. लिंबाच्या साबणाचा. स्वच्छ, आणि कुणाचाच नाही."

"त्या वासावर मुलं मोठमोठ्या कॉलेजांत गेलीत, बाईसाहेब."

"मग धुऊन दे त्यांना. मी पारोशीच बरी."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लोर्नाला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, आणि या दोन्हींचं काय करायचं ते तिला कधीच कळलं नाही.

हलीनाला एकच कॉलेज हवं होतं. उत्तरेला टेकडीवर, चार तासांवर. ज्यांचा आवाज गेला त्यांना पुन्हा बोलतं करण्याची विद्या तिथे शिकवत, आणि लोर्नाच्या पगाराएवढं उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची सगळी फी तेच भरत. दुसरीकडे कुठे गेलं तर डोक्यावर कर्ज, नाहीतर गावातलंच दोन वर्षांचं कॉलेज, जिथे ती विद्या नाही. हलीनाचा बाप फ्लोरिडात राहायचा आणि ख्रिसमसला एक कार्ड पाठवायचा. त्याच्याकडून आशा करावी असं त्या कार्डावर काही लिहिलेलं नसे.

आवाजाचं हे वेड तिला आजोबांमुळे लागलं. लोर्नाचे वडील कॅझ. पोलिश घरांत आजोबांना जाजी म्हणतात, पण त्यांना सगळं गावच जाजी म्हणायचं. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी बिंगो चालायचा, आणि तीस वर्षं आकडे पुकारायचे जाजी. नुसता आकडा पुकारतील तर ते जाजी कसले! प्रत्येक आकड्याला त्यांचा एक टोला ठरलेला. चोपन्न आला की, "फादर लिओंचा कमरपट्टा!" सहासष्ट आला की, "माझ्या लग्नाचं साल, देवा, तूच बघितलंस!" आणि चव्वेचाळीस आला की, "मिसेस झबेकचं वय, गेली तीस वर्षं!" मग पहिल्या रांगेतल्या मिसेस झबेक हातातला, कार्डावर खूण करायचा शाईचा ठोकळा त्यांच्यावर उगारायच्या आणि हॉलभर हशा पिकायचा. आकडे लोकांना ठाऊक, टोलेही पाठ. तरी लोक त्याचसाठी येत.

हलीना तेरा वर्षांची असताना जाजींच्या घशाला कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं, ते त्यांनी एकदाच वापरलं आणि पाटीवर लिहिलं, 'मिक्सरमध्ये माणूस सापडल्यासारखं वाटतं.' बिंगो बंद पडायची वेळ आली. तेव्हा हलीना त्यांच्या पुढे स्टूल टाकून माईकशी बसली. मागून जाजी आकड्याचा गोळा तिच्यासमोर धरायचे आणि तिच्या खांद्याच्या हाडावर बोटाने टिचकी मारायचे. एक टिचकी म्हणजे नुसता आकडा. दोन टिचक्या म्हणजे टोला हाण. चार वर्षं ती पोर म्हाताऱ्याचा आवाज झाली होती. त्यातले अर्धे विनोद तिला कळण्याच्या वयाआधीच तोंडपाठ झाले होते.

सप्टेंबरात लोर्नाने तिला म्हटलं होतं, "तुझ्याकडे सोनं आहे, हलीना. कुठल्या लोकांत वाढलात, तुमची जागा काय, हा प्रश्न तर तुझ्यासाठीच काढलाय."

"जाजी खाली बसून टीव्ही बघताहेत, आई. जिवंत माणसाला अडीचशे शब्दांत बांधून कॉलेजला पाठवायचं? मी नदी साफ करण्यावर लिहितेय."

"नदीवर सगळेच लिहितात."

"मग नदी तेवढी घाण असेल."

विषय संपला. लोर्नाच्या मनातून मात्र तो गेला नाही. चांगली गोष्ट वाया जाताना बघणं तिच्या धंद्यातल्या बाईला जड जातं.

त्या वर्षी तिच्याकडे ग्रिफिन अ‍ॅल्डन नावाचा मुलगा होता. पोरगा वाईट नव्हता. मऊ होता, हसरा होता, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सुखी होता. कॉलेज तेच, टेकडीवरचं. त्याचा अर्ज मात्र नोव्हेंबरच्या एक तारखेला जायचा होता. नोव्हेंबरचा अर्ज म्हणजे, घेतलंत तर येणारच असं आधीच लिहून द्यायचं. कोण किती फी माफ करतंय हे बघायची ज्यांना गरज नाही, त्यांची ही रांग, आणि ही रांग छोटी असते. बाकीच्यांनी जानेवारीत यायचं.

ग्रिफिनने तीन वेळा लिहिलं. एकदा होडीवर, एकदा कोस्टा रिकात आठ दिवसांत बांधलेल्या शाळेवर, एकदा कुत्रा मेला त्यावर. कुत्रा बरा होता, पण मेलेल्या कुत्र्यांवरच्या निबंधांची गर्दी झाली होती.

"आजीआजोबा आहेत का?" लोर्नाने विचारलं. मुदत चार दिवसांवर आली होती.

"आजी आहे. वृद्धाश्रमात. छान जागा आहे, पूल वगैरे आहे. एकदा आम्ही तिथे बिंगो खेळलो."

"मग? काय आठवतं त्यातलं?"

ग्रिफिनने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मी जिंकलो," तो म्हणाला.

त्याची आई मेरिडिथ दारात उभी होती. "मिसेस ओस्ट्रोव्स्की, तुमच्याबद्दल फार ऐकलं होतं हो आम्ही," ती गोड आवाजात म्हणाली. त्यातलं 'होतं' लोर्नाला बरोबर जाऊन लागलं.

आणि मग तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "नमुना म्हणून दाखवते. समज, एक म्हातारा आहे, ज्याचा आवाज गेलाय..." बोटं चालायला लागली ती थांबेनात. इतक्या महिन्यांच्या कोरड्या पोरांनंतर हाताला ओलं काही लागलं होतं. टिचकी आली, दोन टिचक्या आल्या, चव्वेचाळीस आला. मिसेस झबेकची तिने मिसेस व्हिटकोम्ब केली. एवढीच काय ती लाज. लिहून झालं तेव्हा ग्रिफिनचे डोळे खरंच भरून आले होते.

"हे माझ्यापेक्षा चांगलं आहे," तो म्हणाला.

"हे तुझं नाहीच. असं तुझं शोध," ती म्हणाली.

दोन दिवसांनी त्या दोघांच्या सामाईक फाइलमध्ये तिला शेवटचा मसुदा दिसला. ग्रिफिनने शोधाशोध करून एवढंच शोधलं होतं की म्हाताऱ्याच्या जागी आजीच्या आश्रमातले एक गृहस्थ घालायचे आणि त्यांना नाव द्यायचं मिस्टर पेल. बाकी शब्द न् शब्द लोर्नाचा. खाली त्याने विचारलं होतं, 'चालेल ना?'

तिला नाही म्हणता आलं असतं. दोन अक्षरांचं काम. हलीना तर लिहिणारच नाही, ती मनाशी म्हणाली. पडून राहिलेली गोष्ट. कुणाच्या तरी कामी येतेय. मग तिने लिहिलं, 'चालेल. शेवटचं वाक्य थोडं छोटं कर.'

डिसेंबरच्या मध्याला ग्रिफिनला प्रवेश मिळाला. अ‍ॅल्डनांकडून फुलं आली. ती आली त्या दिवशी लोर्नाच्या घरात फुलं पुष्कळ होती, कारण आदल्या आठवड्यात जाजी गेले होते. शेजारणीला वाटलं हीसुद्धा मयताचीच, आणि तिने ती जाजींच्या फोटोपुढे ठेवली. लोर्नाने ती काढली नाहीत. काय सांगून काढणार?

एक जानेवारीला दुपारी लोर्ना भांडी घासत होती. हलीना स्वयंपाकघरात आली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा होता.

"पाठवला," ती म्हणाली. "नदी काढून टाकली. जाजींवर लिहिला. आता लिहायला हरकत नाही ना? आता ते खाली नाहीत."

लोर्नाच्या हातातली बशी पाण्यात सुटली.

"वाचू?" आणि आईच्या होकाराची वाट न बघता तिने वाचायला घेतलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा ती आपलं लिखाण आईला आपणहून वाचून दाखवत होती. हॉल, स्टूल, गोळा, टिचकी, चव्वेचाळीस. सगळं तेच, आणि काहीच तसं नाही. लोर्नाच्या नमुन्यात म्हातारा गोड होता. हलीनाच्या निबंधात तो हट्टी होता, चिडका होता, आणि पोरीला घाम फोडायचा. आणि शेवटी एक वाक्य होतं: 'तीन टिचक्या म्हणजे, वाटोळं केलंस, पुन्हा सांग.'

"तीन?" लोर्ना म्हणाली. "तीन टिचक्या कधी होत्या?"

"होत्याच. मी घाईने टोला हाणला, किंवा लोकांना खूश करायला दोन शब्द जास्त घातले, की तीन. जोरात. तुला कशा कळणार? माझ्या पाठीवर पडायच्या."

तेव्हा बोलायची वेळ होती. अर्ज जाऊन तास झाला नव्हता, मुदत रात्रीपर्यंत होती, चूक झाली म्हणून कळवून दुसरा निबंध देता आला असता. शिवाय लोर्नाला एक गोष्ट जगात सर्वांत जास्त माहीत होती, कारण पालकांच्या सभांत ती स्वतःच सांगायची: एका भागातले सगळे अर्ज एकच माणूस वाचतो. तुमच्या गावचे विजेचे खांबसुद्धा त्याच्या ओळखीचे असतात. खोरं आणि किनारा एकाच माणसाकडे. तिने ओले हात फडक्याला पुसले.

"छान झालाय," ती म्हणाली.

हलीनाने तिच्या गळ्यात हात टाकले. मिठी घट्ट होती, आणि लोर्नाला ती संपावी असं वाटत होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत रेमंड थिबोने तिला आपल्या खोलीत बोलावलं. रेमंड शाळेचा समुपदेशक. मुलांचे अर्ज, शिफारशी, कॉलेजांशी बोलणं, सगळं त्याच्याकडे. माणूस सज्जन, आणि बातमी वाईट असली की टेबलावरचा स्टेपलर नीट करत बसणारा. त्या दिवशी स्टेपलर चांगला चारदा नीट झाला.

"टेकडीवरून फोन होता. हलीनाचा पुरवणी निबंध दुसऱ्या एका अर्जाशी जुळतो म्हणे. जुळतो म्हणजे काय, टिचक्यांसकट. तो अर्ज आधीचा आहे. कुणाचा ते सांगत नाहीत. आठवड्यात तिचं म्हणणं मागितलंय."

"मग?"

"मग काय, लोर्ना! मी म्हटलं, बाबांनो, मी स्वतः त्या हॉलमध्ये बसून ते ऐकलंय. ही पोर चोरी करणाऱ्यातली नाही. तिचं कुणीतरी चोरलंय. तुला काही कल्पना आहे?"

"नाही," ती म्हणाली.

हलीनाने आपलं म्हणणं लिहिलं. हॉलमधले फोटो जोडले, फादर लिओंनी पत्र दिलं, मिसेस झबेकनी थरथरत्या अक्षरात लिहिलं की चव्वेचाळीस हे माझंच वय आहे. कॉलेजने पोच दिली आणि विचार करू म्हणून कळवलं. हलीनाला मात्र चोर हवा होता. ही गोष्ट इत्थंभूत तिने एकाच मुलीला सांगितली होती, डेल्फीनला, बालवाडीपासूनच्या मैत्रिणीला. डेल्फीनचा चुलतभाऊ किनाऱ्यावरच्या खासगी शाळेत होता, आणि नोव्हेंबरातले अर्ज तिकडूनच जातात. झालं. दोन अधिक दोन करून हलीनाने शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत, डेल्फीनला चोर म्हटलं. डेल्फीन आधी हसली, मग रडली, मग ताट तसंच टाकून घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती लोर्नाच्या वर्गात मागच्या बाकावर बसली होती, आणि तिने तासभर मान वर केली नाही.

तो तास लोर्नाला सोसला नाही. खाई त्याला खवखवे. आजवरचं सगळं तिने गिळलं होतं, पण हे घशाखाली उतरेना. घरी आल्याबरोबर कोटसुद्धा न काढता ती हलीनाच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"डेल्फीनने कुणाला काही दिलं नाही."

"तुला काय माहीत?"

"मी दिलं."

हलीनाने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "काय दिलंस?"

"जाजींचं. ग्रिफिन अ‍ॅल्डन म्हणून एक मुलगा आहे. त्याला काही सुचत नव्हतं. मी नमुना म्हणून..."

"दोन टिचक्याही दिल्यास?"

"हो."

"मिसेस झबेक?"

"नाव बदललं होतं."

हलीना हसली. ते हसू बघण्यापेक्षा एक थोबाडीत बसली असती तर लोर्नाला बरं वाटलं असतं.

"तू म्हणाली होतीस लिहिणार नाही," लोर्ना म्हणाली. बोलताना तिलाच ते किळसवाणं वाटलं. "मला वाटलं, पडूनच आहे."

"म्हणून काढून दिलंस. जुना कोट देतात तसा." हलीनाचा आवाज चढला नव्हता. "जाजी तेव्हा जिवंत होते, आई. खाली बसले होते. तू किनाऱ्यावरून आलीस, त्यांना सूप गरम करून दिलंस. त्यांना विचारलंस?"

"नाही."

"आणि एक तारखेला मी तुला वाचून दाखवला. तेव्हा तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"तू म्हणालीस, छान झालाय."

"म्हणाले."

मग हलीना म्हणाली, "कॉलेजला लिही. जसं झालं तसं. लिंबाचा साबण न लावता."

लोर्नाने लिहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण चावायचंच होतं. एकवीस वर्षांच्या नोकरीत तिने इतकं वाईट गद्य लिहिलं नव्हतं, आणि इतकं खरंही नाही. नमुना मी लिहिला, मुलाने तो जसाच्या तसा पाठवला, मी पाहिला आणि मान्य केला. माझ्या मुलीला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिसऱ्या टिचकीची गोष्ट फक्त तिच्या निबंधात आहे, कारण ती फक्त तिलाच माहीत होती. पत्र वाचून रेमंडने स्टेपलरला हातही लावला नाही.

"तुझी नोकरी जाईल हे कळतंय ना तुला?"

"पाठव."

"अगं, आधी बोलायचं होतंस. हलीनाने म्हणणं दिलं तेव्हा तरी."

"पाठव, रेमंड."

नोकरी गेली नाही. मुख्याध्यापकांनी बोलावलं, दार लावलं, आणि पुढच्या वर्षापासून निबंधाचा वर्ग तिच्याकडे नसेल असं सांगितलं. किनाऱ्यावरचे फोन एका आठवड्यात बंद झाले. हे सगळं लोर्नाने मान खाली घालून घेतलं. उलट शिक्षेने तिला थोडा धीरच आला. आपण भरलं ना, मग आता पोरीचं पोरीला मिळेल, असा तिचा सरळ हिशेब होता. तिचंच चुकलं. कॉलेजांतल्या ज्या लोकांना ती वीस वर्षं ओळखत होती, त्यांनाच ती विसरली.

कॉलेजचं उत्तर मार्चमध्ये आलं. रेमंडने ते वाचून दाखवलं, मायलेकी दोघी समोर बसल्या होत्या. भाषा फार सभ्य होती. श्रीमती ओस्ट्रोव्स्की यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कॉलेज आभारी आहे. त्यांच्या निवेदनावरून असं दिसतं, की सदर मजकूर ऑक्टोबरमध्ये त्यांनीच लिहिला. अर्जदार त्यांच्या घरात राहते. श्रीमती ओस्ट्रोव्स्की व्यवसायाने निबंध-मार्गदर्शक आहेत. अशा परिस्थितीत जानेवारीतला मजकूर अर्जदाराचा स्वतःचा आहे अशी खात्री कॉलेजला देता येत नाही. सबब अर्ज विचारातून वगळण्यात येत आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"आणि तो?" हलीनाने विचारलं. "मिस्टर पेलवाला?"

रेमंडने चष्मा काढला. त्याने फोन करून विचारलं होतं. अ‍ॅल्डनांच्या वकिलाने लिहिलं होतं, की मुलाने एका अनुभवी शिक्षिकेच्या सल्ल्याप्रमाणे वागण्याव्यतिरिक्त काहीही केलेलं नाही. सल्ल्याचा पुरावाही जोडला होता. 'चालेल. शेवटचं वाक्य थोडं छोटं कर.' मुलाला पुन्हा एक निबंध लिहायला सांगितलं गेलं, प्रामाणिकपणा म्हणजे काय या विषयावर. त्याची जागा कायम होती.

हलीना उठली. तिने खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. "अडीचशे शब्दांतच ना?" तिने विचारलं.

रेमंडने चष्मा परत लावला. "हो," तो म्हणाला.

त्या मंगळवारी लोर्ना बिंगोला गेली. जाजी गेल्यापासून हलीना एकटीच पुकारायची. मागची खुर्ची रिकामी ठेवायची आणि टोले सगळे हाणायची. लोक म्हणायचे, म्हातारा मेला तरी पोरीच्या पाठीवर बसलाय. लोर्ना मागच्या रांगेत बसली आणि तिने एक कार्ड घेतलं. हलीनाने तिला पाहिलं, पाहिल्यासारखं केलं नाही, आणि सुरुवात केली.

बी अकरा. जी चोपन्न. ओ सहासष्ट. नुसतं रकान्याचं अक्षर आणि आकडा, स्टेशनवर गाड्या सांगतात तसं. फादर लिओंनी चोपन्नला सवयीने पोट आत घेतलं होतं, त्यांनी ते हळूच सोडलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"एन चव्वेचाळीस," हलीना म्हणाली, आणि पुढच्या गोळ्याला हात घातला.

"ए पोरी!" पहिल्या रांगेतून मिसेस झबेक ओरडल्या. शाईचा ठोकळा त्यांनी आधीच उगारून धरला होता. "माझं वय कुठे गेलं?"

"माझ्याकडे नाही ते आता, मिसेस झबेक," हलीना माईकवरून म्हणाली. आवाज अगदी गोड. "आईला विचारा. ती ठेवते. बाहेरच्यांनाही देते."

लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण इथे आडपडदा तेवढाही नव्हता. हॉलमधले लोक हसले, त्यांना तो नवा टोलाच वाटला. सगळी पांढरी डोकी मागे वळली. मिसेस झबेकही वळल्या, खुर्चीची पाठ धरून, कष्टाने.

"सांग गं लोर्ना. कॅझ काय म्हणायचा माझ्या वयाला? तू सांग. आज मला ऐकायचंय."

लोर्नाला ते वाक्य शब्दन् शब्द ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकलं होतं, अ‍ॅल्डनांच्या टेबलावर टाइप केलं होतं, त्यातलं नाव बदलताना बोट क्षणभर अडलं होतं तेही आठवत होतं. सहा शब्द. एवढं म्हटलं असतं तर म्हातारीने ठोकळा हलवला असता, हशा पिकला असता, आणि कदाचित माईकशी बसलेली ती मुलगी एकदा तरी तिच्याकडे बघून हसली असती. तिने तोंड उघडलं. पण हलीना तिच्याकडेच बघत होती, वाट बघत होती, आणि त्या नजरेपुढे ते वाक्य बोलायचा हक्क आपल्याला कुणी दिला, हे लोर्नाला सांगता येईना.

"मला नाही आठवत," ती म्हणाली.

मिसेस झबेकनी ठोकळा खाली ठेवला. हलीनाने एक बोट उचललं आणि माईकवर टिचकी मारली. मग दुसरी. मग तिसरी, जोरात.

लोकांना वाटलं, माईक बिघडला. कुणीतरी वायर तपासायला उठलं. मग पुढचा आकडा आला.